आयोनियन समुद्रात ४६ फुटी आणि ३४ फुटी

ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्याने घेणार म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात: मोठी घ्या. गेल्या उन्हाळ्यात आम्ही मोठीच घेतली होती, बव्हेरिया या जर्मन कंपनीची क्रूझर ४६. सहाजण होतो, दोघांना बोटीतलं काही कळत होतं, बाकीचे हौशी. यंदा नवरा आणि मी दोघंच, म्हणून बव्हेरियाचीच क्रूझर ३४. समुद्र तोच, लेफ्काडा बेटाच्या दक्षिणेचा. मेगानिसी, इथाका, केफालोनिया. बंदरंही बरीचशी तीच. मग तुलना केल्याशिवाय राहवतंय कुणाला!

कागदावर एक १४.२७ मीटर लांब, दुसरी ९.९९. म्हणजे दीडपटही फरक नाही. पण लांबीबरोबर रुंदी आणि उंचीही वाढते, त्यामुळे वजन पार दुपटीपलीकडे जातं. धाकटी पाच टनांच्या थोडी पुढे, थोरली अकरा टनांच्याही वर. या आकड्याचा अर्थ धक्क्याला लागताना कळतो.

इकडे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, पाठ धक्क्याकडे करून लावतात. बऱ्याच अंतरावर नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, नांगर टाकायचा, साखळी सोडत रिव्हर्समध्ये मागे यायचं, दोन्ही बाजूंना फेंडर (धक्का झेलणारे हवेचे फुगे) लटकवून शेजारच्या बोटींच्या मधल्या फटीत शिरायचं आणि मागचे दोन दोर धक्क्यावर बांधायचे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम, म्हणून हे जमतं. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. तिथे अशी बांधलेली बोट सकाळपर्यंत दोरांना लोंबकळत असेल.

दुपारनंतर मैस्त्रो सुटतो. हा वायव्येचा वारा रोज जेवणानंतर येतो आणि सूर्य कलला की निघून जातो. नेमका सगळ्यांच्या बंदरात शिरायच्या वेळी तो जोरात असतो. बाजूने वारा आला की ३४ फुटीची हलकी नाळ लगेच भरकटते, आणि तिला बो थ्रस्टर, म्हणजे नाळ आडवी ढकलणारा छोटा पंखा, नव्हता. ४६ फुटीला होता. बटण दाबलं की नाळ जागेवर येते. म्हणजे छोटी बोट चालवायला सोपी, असं सरसकट म्हणता येत नाही. फरक चुकल्यावर पडतो. ३४ फुटी शेजारच्या बोटीकडे सरकली, तर नवरा रेलिंगला धरून तिला ढकलून ठेवू शकत होता. अकरा टन कुणी हाताने ढकलायला जाऊ नये, बोटं जातील.

इथाकावरचं कियोनी हे माझं लाडकं गाव. छोटासा गोल उपसागर, तोंडाशी पडक्या पवनचक्क्या, आणि धक्का इतका तोकडा की चारच्या आत पोचलात तर नशीब. गेल्या वर्षी जागाच मिळाली नाही. समोरच्या काठाजवळ नांगर टाकला, पोहत जाऊन खडकाला दोर बांधला आणि जेवायला डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, दोन फेऱ्या केल्या. यंदा दोन बोटींच्या मध्ये एक अरुंद फट दिसली. ३४ फुटीची रुंदी ३.४२ मीटर, ४६ फुटीची ४.३५. जेमतेम मीटरभराचा फरक, पण त्यानेच आम्हाला टॅव्हर्नासमोर (टॅव्हर्ना म्हणजे ग्रीक खाणावळ) बांधायला जागा दिली.

खुल्या पाण्यात मात्र पारडं फिरतं. अशा बोटीचा कमाल वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. त्या हिशोबाने मोठी पावणेनऊ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास जाते, छोटी सव्वासातला अडते. २० सागरी मैलांच्या टप्प्यात ७ ऐवजी ६ नॉट मिळाले, तर अर्धा तास उशीर. सुट्टीवर असताना अर्ध्या तासाचं काय एवढं? त्यापेक्षा हलणं जाणवतं. इथाका आणि केफालोनियामधल्या सामुद्रधुनीत वारा दाटून येतो, लाटा आखूड आणि उभ्या होतात. ४६ फुटी त्या कापत गेली, कॉकपिटमध्ये चहाचे कप जागचे हलले नाहीत. ३४ फुटी प्रत्येक लाटेला सलाम ठोकत होती, आणि केफालोनियावरच्या फिस्कार्डो गावाला पोचेपर्यंत नवऱ्याने आल्याचा तुकडा चघळणं सोडलं नाही. (फिस्कार्डोची जुनी व्हेनिशियन धाटणीची घरं १९५३ च्या भूकंपातून वाचली, केफालोनियावरची बहुतेक गावं नाही वाचली. तिथे रात्र काढाच.)

पण वारा दहा नॉटच्या आत असला, तर मला ३४ फुटीच हवी. सुकाणूचं चाक हातात बोलतं, शीड जरा ढिलं झालं की लगेच कळतं. मोठीवर मी नुसती चाक धरून बसायचे आणि पुढच्या शिडाचा दोर ओढायला विंचवर (दोर गुंडाळून ताणायच्या चरकावर) कुणीतरी दणकट लागायचं. छोटीवर वळण घेताना सगळं मी एकटी करत होते, तेव्हा नवरा खाली कांदा चिरत असे. शेगडी झुलती असते, त्यामुळे बोट कलली तरी पोह्यांची कढई सपाट राहते. कांदा चिरणारा नाही.

गोड्या पाण्याचा हिशोब मला गमतीचा वाटला. मोठीत ३६० लिटर, छोटीत १५०. पण तिकडे माणसं सहा, म्हणजे माणशी ६०. इकडे दोघं, म्हणजे ७५. केस धुवायची चैन मला छोट्या बोटीवर मिळाली.

दोघांनी आयोनियनला जायचं असेल तर ३४ फुटीच घ्या, आणि वाचलेले पैसे टॅव्हर्नात घाला. चौघं असाल तर मधली, ३८-४० फुटी. एजियन समुद्रातल्या सायक्लेड्स बेटांना जायचं ठरलं तर मात्र मी स्वतः ४६ फुटीच मागेन. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी हा उत्तरेचा जोरदार वारा दिवसचे दिवस घोंघावतो आणि बेटांमधली अंतरंही लांब आहेत. फक्त सोबत डेकवर हात चालवणारे निदान चारजण हवेत. मावशींना फोटो काढायला न्यायची ती सहल नव्हे.