जेवणाच्या सुट्टीतलं रॉक अँड रोल

लिव्हरपूलला जाणारे बहुतेक जण बीटल्स या बँडमधल्या चौघांची घरं बघायला जातात. मला त्यात फारसा रस नव्हता. गाणारे निघून गेले, आता भिंती काय गाणार? मला समोर घाम गाळत वाजवणारी माणसं हवी होती. म्हणून लंडनच्या युस्टन स्टेशनवरून गाडी पकडली, लाइम स्ट्रीटला उतरलो, हॉटेलवर बॅग टाकली आणि बीटल्स जिथे वाजवायचे त्या कॅव्हर्न क्लबसाठी चालत मॅथ्यू स्ट्रीट गाठली.

क्लब जमिनीखाली आहे. जिना गोल गोल फिरत खाली जातो, तेवढ्यात फोनची रेंजही जाते (उत्तम!). खाली विटांच्या ठेंगण्या कमानी आणि टोकाला इवलासा मंच. दुपारी एक जण एकटाच गिटार घेऊन गात होता. बरा होता. खरा मामला रात्रीचा.

हे मुळात फळांच्या वखारीचं तळघर. युद्धात बॉम्बपासून लपायला वापरलेलं. जानेवारी १९५७मध्ये इथे जॅझ क्लब निघाला आणि रॉक अँड रोलला चक्क मज्जाव होता. त्याच वर्षी पुढे बीटल्समध्ये गाणाऱ्या जॉन लेननचं पोरगेलं टोळकं इथे वाजवायला आलं आणि रॉककडे वळलं, तेव्हा 'हे बंद करा' अशी चिठ्ठी मालकाने मंचावर धाडली म्हणतात. पुढे फेब्रुवारी १९६१ ते ऑगस्ट १९६३ या काळात बीटल्स याच क्लबमध्ये २९२ वेळा वाजले.

मला मात्र त्या आकड्यापेक्षा वेळेचं अप्रूप वाटतं. त्यांतले कितीतरी कार्यक्रम भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत व्हायचे. आसपासच्या ऑफिसांतल्या टायपिस्ट मुली आणि कारकून पोरं धावत यायची. दारूचा परवाना नव्हता. सूप, पाव, कोक एवढंच मिळायचं. गर्दीच्या वाफेने छत ठिबकायचं, घाम आणि जंतुनाशकाचा वास कपड्यांत मुरायचा आणि तो वास घेऊनच मंडळी पुन्हा टाइपरायटरसमोर बसायची. साहेबांना कळत नसेल थोडंच!

आजची जागा अस्सल नाही, हे खरं. १९७३मध्ये रेल्वेच्या कामासाठी क्लब बंद करून वरची इमारत पाडली. १९८४मध्ये जुन्या विटा वापरून जवळपास त्याच जागी नवा उभारला. यावरून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा रात्री खाली उतरावं.

बँड चौघांचा. ड्रमरच्या दोन बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली, काठ्यांची टोकं कुरतडल्यासारखी झालेली. सुरुवातीला लोक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळ्या देत होते. त्याने मान हलवली, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडकडीत आवाजाचा छोटा ड्रम) असा काही हाणला की चार आवर्तनांत सगळं तळघर ताळ्यावर आलं. रॉकची सगळी गंमत त्या दोन मात्रांत आहे. बेस गिटारचा खर्जातला आवाज कानाआधी बरगड्यांना लागतो. ठेंगण्या छतामुळे आवाजाला पळायला जागाच नसते. हेडफोनवर कितीही पैसे घाला, हे मिळत नाही.

माझ्या शेजारी पन्नाशीच्या बाई होत्या. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. दुसऱ्या गाण्याला त्यांनी ते काढून पर्समध्ये कोंबलं, पर्स माझ्या हातात दिली, "धरा हं जरा" म्हणाल्या आणि नाचायला गेल्या. ओळख ना पाळख! तीन गाणी मी ती पर्स छातीशी धरून उड्या मारत होतो. नाच मला येत नाही, पण तिथे विचारतो कोण. दिवसभर डोक्यात घोळत असलेलं एक कटकटीचं ईमेल केव्हा विरून गेलं, पत्ताच लागला नाही.

"हे शेवटचं" म्हणून बँडने आणखी तीन वाजवली. बाई आल्या, पर्स घेतली, आणि "समोरच्या कॅव्हर्न पबमध्येही बँड आहे, चला" म्हणाल्या. कान गुणगुणत होते, पाय भरून आले होते. गेलो.