शरदाचा राग कोणता?

"बाई, तुम्हा गाणाऱ्यांना सगळ्यांत जास्त कोणता ऋतू आवडतो?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो आणि विचारणारे बहुतेक वेळा उत्तरही बरोबर घेऊनच आलेले असतात: "पावसाळाच असणार, मल्हार गाता येतो ना!" गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या आईने हाच प्रश्न जिन्यात उभ्या उभ्या विचारला. मी "शरद" एवढेच म्हणू शकले, कारण वरच्या खोलीत पुढच्या तुकडीतल्या मुलांनी पेटी उघडली होती. "म्हणजे ऑक्टोबर? एवढ्या उकाड्यात?" असे आश्चर्याने म्हणून त्या खाली उतरल्या. त्यांना तेव्हा जे सांगायचे राहिले ते इथे नीट लिहीत आहे.

त्यांच्या आश्चर्याला कारण आहे. वर्षेसाठी मल्हाराचे कितीतरी प्रकार आहेत, वसंतासाठी वसंत आणि बहार आहेत. आश्विन-कार्तिकाच्या शरदासाठी मात्र आज मैफलीत राखून ठेवलेला असा एकही राग ऐकायला मिळत नाही. राग-रागिणींच्या जुन्या वर्गीकरणांत सहा ऋतूंना सहा राग वाटून दिलेले आढळतात आणि त्यांपैकी एका प्रसिद्ध वाटणीत मेघ वर्षेचा, हिंडोल वसंताचा आणि भैरव शरदाचा मानला आहे. पण भैरव आपण बाराही महिने सकाळी गातो, त्यामुळे शरदाचा म्हणून त्याला कोणी ओळखत नाही. तरीही मला शरद आवडतो, आणि त्याचे पहिले कारण राग नसून तंबोरा आहे.

पावसाळ्यात माझ्या घरातल्या वाद्यांना फार सोसावे लागते. आमचे घर नदीपासून फार दूर नाही. जूनपासून खोलीत जो ओलावा भरतो, त्याने तंबोऱ्याच्या लाकडी खुंट्या फुगून आपापल्या भोकांत रुतून बसतात आणि त्या फिरवायला गेले की एकदम उसळून तार भलतीकडेच नेतात. तबल्याचे कातडे ओल धरून सैल पडते, त्यामुळे हातोडीने कितीही चढवला तरी अर्ध्या तासात तो उतरतो. पेटीची एखादी पट्टी दाबली की दबलेलीच राहते. भाद्रपद संपेपर्यंत मी मुलांना सतत सांगत असते, "जवळपास आहे, चालवून घेऊ." हे वाक्य मला मनापासून नकोसे वाटते, कारण जवळपासच्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, शिकलेले मूल पुढे कितीतरी वर्षे जवळपासच गात राहते.

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी पाऊस पुण्यातून परततो. आकाश धुतल्यासारखे होते, भिंती कोरड्या पडतात आणि दोन-तीन दिवसांचे ऊन खोलीत खेळले की मी तंबोऱ्याची गवसणी काढते. हा तंबोरा माझ्या वडिलांनी मिरजेहून आणला होता. तिथल्या कारागिरांनी सतार आणि तंबोरा घडवण्याची विद्या पिढ्यानपिढ्या सांभाळलेली आहे आणि मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी अभिमानाने सांगते. त्या दिवशी मी जुन्या तारा उतरवते, भोपळा आणि त्यावरची लाकडी तबली कोरड्या फडक्याने पुसते, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर साचलेली धूळ मऊ कुंचल्याने काढते आणि नव्या तारा चढवते: पहिल्या तीन पोलादाच्या आणि शेवटचा खर्ज, म्हणजे खालच्या 'सा'ची तार, पितळेचा. पावसात फुगलेल्या खुंट्या आता आक्रसून सुटायला लागलेल्या असतात, म्हणून त्यांना थोडा खडू चोळावा लागतो. या कामात माझी एक सबंध सकाळ जाते, आणि वर्षभरातल्या माझ्या सर्वांत आवडत्या सकाळींपैकी ती एक असते.

तंबोरा लावायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी जोडीच्या, म्हणजे मधल्या 'सा'च्या, दोन तारा एकमेकींत अशा मिळवायच्या की त्या दोन आहेत हे कळू नये, मग पंचम, म्हणजे 'प', आणि अखेरीस खर्ज. खुंटीने तार स्वराच्या जवळ आणून ठेवायची आणि उरलेला केसभर फरक तारांत खाली ओवलेल्या मण्यांनी काढायचा. त्यानंतर घोडीवर प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवत जायचे. तो योग्य जागी आला की इतका वेळ नुसती वाजत असलेली तार एकाएकी झणकारू लागते आणि तिच्यातून निघणारा नाद संपता संपत नाही. यालाच आम्ही जवारी लागणे म्हणतो. कोरड्या हवेत, खिडकी उघडी असताना आणि खालून रिक्षांची ये-जा सुरू व्हायच्या आधी ती लागली, तर खर्जाच्या तारेतून एक स्पष्ट गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. षड्ज आणि पंचमच मिळवलेले असताना हा तिसरा स्वर आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एकच तार एकाच वेळी निरनिराळ्या वेगांनी कंप पावत असते आणि खर्जाच्या मूळ वेगाच्या पाचपट वेगाचे जे कंपन तिच्यात असते, ते आपल्या कानाला गंधार म्हणून ऐकू येते. कारण ठाऊक असूनही मला दरवर्षी तो पहिल्यांदा ऐकताना क्षणभर श्वास रोखावासा वाटतो.

मी शिकत होते तेव्हा गुरुजींनी मला एका आश्विनात जवळजवळ तीन आठवडे गाऊच दिले नव्हते. मी बाहेरच्या खोलीत तंबोरा लावायची आणि ते आत चहा घेत, वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. मधूनच आतून आवाज यायचा, "पंचम चढलाय." मी उतरवायची. "आता जोड हलली." पुन्हा सगळे पहिल्यापासून. तेव्हा मला रडू येत असे. अठराव्या का एकोणिसाव्या दिवशी आतून काहीच आवाज आला नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच बाहेर आले, समोर बसले आणि त्यांनी डोळे मिटून नुसता षड्ज लावला. आज मी माझ्या मुलांना तीन आठवडे थांबवू शकत नाही, कारण त्यांना शाळा आहे, शिकवण्या आहेत आणि आठवड्यातून मोजून दोन तास मला मिळतात. पण आश्विनात प्रत्येक तुकडीची पहिली दहा मिनिटे मी गंधार ऐकण्यासाठी ठेवते. मोबाइलमधला तंबोरा सोयीचा आहे, घरच्या रियाजाला मी तो वापरू देते. ही दहा मिनिटे मात्र खऱ्या तारेजवळ कान नेऊनच घालवायची असतात. एखाद्या मुलाला तो दुसऱ्याच दिवशी सापडतो, एखादीला कार्तिक उजाडतो. सापडला की मुले काही बोलत नाहीत, फक्त त्यांची मान किंचित वळते. ती वळलेली मान पाहणे हे माझ्या पेशातले मोठे सुख आहे.

ऑक्टोबरचा उकाडाही मला शिकवायला उपयोगी पडतो. पहाट गार असते आणि दुपारी ऊन ३२-३३ अंशांपर्यंत चढते. उन्हाने पोलादी तार सैलावून सकाळी लावलेला तंबोरा दुपारी उतरतो, आणि त्याच कोरड्या उन्हाने कातडे ताणले जाऊन तबला चढतो. सकाळी एकमेकांत मिळालेली दोन वाद्ये चार वाजता परस्परांपासून दूर गेलेली असतात. मोठ्या मुलांना मी ती तशीच ऐकवते, कुठले किती हलले ते ओळखायला लावते आणि मग पुन्हा मिळवायला सांगते. हवेमुळे स्वर सरकतो हे पुस्तकात वाचून समजते, पण दुपारच्या तुकडीत ते कानांना बोचते आणि मग मुले आपणहून मण्यांकडे हात नेतात.

या दिवसांत माझी सकाळ लवकर सुरू होते. कोजागरीच्या सुमारास पेठेतल्या विठ्ठल मंदिरात काकडा सुरू होतो आणि महिनाभर, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, पहाटेच्या अंधारात टाळ आणि पखवाज ऐकू येतात. मी उठून गवती चहा टाकते, खिडकीशी बसते आणि मंदिरातले भजन संपले की तंबोरा घेते. साडेसहाला दोन मोठ्या विद्यार्थिनी येतात. त्यांना मी दर शरदात भैरव घालते, जुन्या पोथ्यांचा मान राखावा म्हणून आणि त्याहूनही, त्याला हवा असलेला स्थिर तंबोरा आता मिळतो म्हणून. भैरवात ऋषभ (रे) आणि धैवत (ध) कोमल आहेत आणि दोन्हींवर संथ आंदोलन आहे. स्वर आपल्या जागेवरून किंचित खाली-वर झुलतो, पण झुलण्यासाठी आधी ती जागा पक्की ठाऊक असावी लागते. पावसाळ्यातल्या डळमळत्या षड्जावर हे आंदोलन शिकवायला गेले की नुसता कंप होतो. गेल्या वर्षी यांतल्या एकीने दहा-बारा दिवस फक्त ऋषभावरून षड्जावर येणे केले. बंदिश कधी सांगणार, हे तिने एकदाही विचारले नाही.

सायंकाळच्या तुकड्या निराळ्या. नवरात्रात लहान मुलींचे लक्ष भोंडल्याकडे असते, मग मी त्यांना भोंडल्याच्याच चाली स्वरांत लिहायला सांगते. त्यांतल्या बऱ्याचशा चाली चार-पाच स्वरांतच फिरतात, त्यामुळे वर्षभर शिकलेल्या सरगमचा उपयोग मुलींना तिथे लगेच दिसतो, आणि खिरापत ओळखल्याच्या आनंदाइतकाच आनंद त्यांना आपण गाणे 'ओळखले' याचा होतो. खंडेनवमीला वाद्यांची पूजा करतो, दसऱ्याला मुले पाटीवर सरस्वती काढून आणतात आणि झेंडूच्या पाकळ्या पुढे चार दिवस पेटीच्या भात्यात सापडत राहतात.

त्यानंतर परीक्षा जवळ येतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते, म्हणून कार्तिकात माझ्याकडे प्रवेशिका आणि मध्यमाच्या मुलांची गर्दी असते. हातावर ताल धरून दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणणे, रागांची माहिती पाठ करणे, स्वरलिपी लिहिणे हे सारे चालू असते. "परीक्षेपुरते तेवढेच करून घ्या," असे काही पालक सांगतात आणि ते मला लागते, पण परीक्षांना नावे ठेवणाऱ्यांतली मी नाही. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज सुरू केला, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली इथेच गांधर्व महाविद्यालय उभे केले. या माणसांनी गाण्याला वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि सर्वांना परवडेल असे दार दिले नसते, तर कारकुनाच्या घरातली माझ्यासारखी मुलगी तंबोऱ्याजवळ पोहोचलीच नसती. म्हणून परीक्षेचा अर्जसुद्धा मी काळजीपूर्वक, स्वच्छ अक्षरात भरते.

वर्गाबाहेरची सुखे थोडी आणि साधी आहेत. रविवारी सकाळी मी वेताळ टेकडीवर जाते. पावसाळ्यातले हिरवे गवत या दिवसांत पिवळे पडू लागलेले असते आणि चालताना कुसळे साडीच्या काठाला चिकटतात. येताना मंडईतून सासवडकडची सीताफळे आणते, पिकलेली दोन आणि कच्ची चार, म्हणजे ती आठवडाभर एकेक करून पिकत राहतात. सायंकाळी शेवटची तुकडी सुटल्यावर मुलांबरोबर खाली उतरते, तेव्हा कोपऱ्यावरच्या सातविणीचा वास सगळ्या गल्लीभर पसरलेला असतो. अनेकांना तो उग्र वाटतो, मला मात्र त्या वासाने दिवस संपल्यासारखा वाटतो. कोजागरीला सगळ्या तुकड्या गच्चीवर जमतात. मसाला दूध आटेपर्यंत लहान मुले गातात, नंतर मोठी, आणि बाराच्या पुढे, चंद्र डोक्यावर आल्यावर, मी माइक लावू देत नाही. तंबोरा गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवलेला असतो आणि रात्रीच्या गारव्याने त्याच्या तारा हळूहळू चढू लागतात, म्हणून दर गाण्यानंतर कोणी ना कोणी मणी सारखे करत असते. या वर्षी ते काम अकरा वर्षांच्या एका मुलाने मागून घेतले, आणि रात्रभर त्याने ते दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिले नाही.

तर ताई, तुम्ही विचारलंत म्हणून हे एवढे लिहिले. मुलीला सोडायला मंगळवारी याल तेव्हा जिन्यात थांबू नका, वर या. सायंकाळी रस्त्याचा आवाज फार असतो, त्यामुळे गंधार ऐकायचा असेल तर एखाद्या सकाळी साडेसहाच्या आधी आलात तर अधिक बरे. तंबोरा लावलेला असेल. खिडकीजवळच्या सतरंजीवर, भोपळ्याच्या बाजूला बसा, आणि सगळ्यांत शेवटी वाजणाऱ्या तारेकडे कान ठेवा.