सापळ्यातला पतंग, कैरीतली अळी

खान्देशात कीटकांवर प्रकल्प करायचा म्हटलं की निम्मे विद्यार्थी गुलाबी बोंडअळीकडे वळतात. कपाशी गावालगतच असते, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) कृषी केंद्रात मिळतात, आकडेही रोज हाती येतात. पण नुसत्या सापळ्याच्या आकड्यांवर प्रकल्प उभा करू नका. सापळ्यात येतो तो फक्त नर पतंग. नुकसान करणारी अळी कैरीत, म्हणजे कपाशीच्या हिरव्या बोंडात असते आणि बाहेरून दिसत नाही. कोवळ्या कैरीत शिरताना तिने पाडलेलं बारीक छिद्र पुढे बुजून जातं. अमेरिकन बोंडअळीसारखं मोठं भोक आणि बाहेर सांडलेली विष्ठा इथे शोधत बसू नका.

सापळे कपाशीच्या लावणीनंतर 45 दिवसांनी, म्हणजे पाती (फुलाच्या कळ्या) लागताना लावा. हेक्टरी 5 लावायचे, म्हणजे दोन सापळ्यांत साधारण 45 मीटर अंतर पडतं. पहिला सापळा बांधावर नको, दहा-बारा मीटर आत घ्या. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडाच्या) शेंड्यापेक्षा फूटभर वर ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. ऑगस्टमध्ये पीक सापळ्याच्या डोक्यावर गेलं की पतंग कमी दिसतात आणि वहीत ‘प्रादुर्भाव घटला’ असं लिहिलं जातं!

सापळ्यातली गॉसिप्ल्यूरची (मादीच्या कृत्रिम वासाची) गोळी तंबाखू-गुटख्याच्या हाताने धरायची नाही, हातमोजा किंवा चिमटा वापरायचा. अमेरिकन बोंडअळीची गोळी त्याच सापळ्यात टाकली तर तुमची मोजणी बिघडते. रिकामं पाकीट शेतात फेकू नका, त्यालाही वास असतो. गोळ्या साधारण तीन आठवड्यांनी बदलायच्या, सगळ्या सापळ्यांतल्या एकाच दिवशी, आणि ती तारीख आलेखावर उभ्या रेषेने दाखवायची. नाहीतर जुन्या गोळीचा उतरलेला वास आणि कमी झालेले पतंग यांत फरक करता येत नाही.

मोजणी रोज सकाळी. आठवड्याची बेरीज करून ठेवणाऱ्यांचा सगळा प्रकल्प इथेच फसतो. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथे फवारणी परवडते ती, मानली जाते सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग. आठवड्याला 56 पतंग म्हणजे रोज 8, की एका रात्री 50 आणि बाकी दिवस एक-एक? बेरजेवरून ते कळत नाही. मुंग्या सापळ्याच्या नरसाळ्याखालच्या पिशवीतले पतंग खाऊन फक्त पंख सोडतात, म्हणून खांबाला खाली ग्रीस लावा आणि पिशवीला पाणी झिरपायला बारीक भोक ठेवा. पाऊस आणि जोराचा वारा असलेली रात्र वेगळी नोंदवा. जिनिंगजवळच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याजवळच्या) शेतातला सापळा शक्यतो घेऊच नका. साठवलेल्या कापसातून, सरकीतून निघालेले पतंग तिथे येतात आणि शेताचा आकडा फुगतो.

आता कैऱ्या. शेतात नागमोडी चालत एका झाडाची एक, अशा साधारण 15 ते 20 दिवसांच्या हिरव्या कैऱ्या तोडा. चांगली की किडकी हे बघून निवडू नका. शेतकऱ्याला फवारणीचा निर्णय घ्यायला 20 पुरतात. त्यातल्या 2 कैऱ्यांत जिवंत अळी असली की 10 टक्के झाले. प्रकल्पाला मात्र 20 कमीच, कारण एक कैरी म्हणजे 5 टक्के. शेतात पाच ठिकाणी वीस-वीस, अशा शंभर घ्या.

त्याच दिवशी चिरा, नाहीतर अळ्या बाहेर पडतात. शिवणीवर सुरी टेकवून कैरी उघडा आणि आधी सालीची आतली बाजू बघा. अळी जिथून आत गेली तिथे फिकट, वेडावाकडा मार्ग किंवा फोडासारखी गाठ दिसते. मग एकेक कप्पा दहापट भिंगाखाली तपासा. नाव गुलाबी, पण लहानपणी ती पांढरी असते, डोकं तेवढं तपकिरी. गुलाबी रंग शेवटच्या अवस्थेत चढतो. नुसत्या गुलाबी अळ्या मोजणाऱ्याचा आकडा निम्माही येत नाही, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक वहीत सापडते. पांढऱ्या, गुलाबी आणि सालीवर गोल भोक पाडून निघून गेलेल्या, असे तीन रकाने ठेवा. डोमकळ्या (अळीने पाकळ्या गुंडाळल्याने न उमललेली फुलं) वेगळ्या मोजा.

आलेख काढताना त्याच आठवड्याचे पतंग आणि त्याच आठवड्याच्या अळ्या समोरासमोर ठेवल्या तर संबंध नाही असंच दिसेल. अंडं, मग अळी, यात दिवस जातात. अळ्यांची ओळ एक आणि दोन आठवडे मागे सरकवून पाहा.

वाण, लावणीची तारीख आणि फवारणी शेतकऱ्याला विचारून लिहा. दोन जनुकांचं बीटी (बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारं कपाशीचं वाण) 2006 मध्ये आलं, तरी 2017 च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रभर कापूस खाल्ला. तेव्हा ‘बीटी आहे’ एवढी नोंद पुरत नाही. बांधाकडे बिगरबीटी ओळी असतील तर त्यांतल्या कैऱ्या वेगळ्या पिशवीत भरा. फवारणीनंतर दोन दिवस तरी शेतात शिरू नका. रोज कुणीतरी “कितला सापडनात?” विचारेलच, आकडा सांगा, औषधाचं नाव सांगू नका.

नमुन्याची अळी आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये. थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. चिरलेल्या कैऱ्या बांधावर फेकू नका. त्यातल्या अळ्या तिथेच कोष करतात. बादलीत साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून मग पुरा.