बैलांनी सोडवलेला शब्द

बुधवार, रात्री

आज एक शब्द सुटला. चार दिवस तो पेन्सिलीच्या गोलात अडकून पडला होता.

आठवणींचं एक जुनं पुस्तक वाचते आहे. त्यात पान 41 वर थोरली बहीण धाकट्या भावाला पत्रात लिहिते, "बोलावणं आलं तर जायला अनमान करू नकोस." अनमान. शब्दात 'मान' दिसतो, शेजारी बोलावणं आहे, तेव्हा बोलावणाऱ्याचा अवमान करू नकोस, असं मी धरून चालले. अर्थ चपखल बसत होता. फक्त 'जायला' खटकत होतं. अवमान बोलावण्याचा होईल, 'जायला अवमान' हे काही मराठी नाही. म्हणून गोल केला आणि पुढे गेले.

आज पान 112 वर बैलगाडी नदीशी येते. "पाण्यात पाय घालायला बैल अनमान करू लागले." मी वाचता वाचता थांबलेच. बैल पाण्याचा अपमान करणार तरी कसा? पुढच्या ओळीत गाडीवान खाली उतरतो, बैलांच्या मानेवरून हात फिरवतो, आधी स्वतः पाण्यात शिरतो, आणि मग बैल त्याच्या मागून येतात. म्हणजे ते कचरत होते. पाऊल पुढे टाकू की नको, असं त्यांचं चाललं होतं. दोन्हीकडे 'जायला', 'घालायला' आहे, तेही आता जागेवर बसलं. मग कोश उघडला. तोच अर्थ होता.

कोश आधी का उघडला नाही, हे इथे लिहून ठेवते. काही वर्षांपूर्वी मी प्रत्येक अडलेल्या शब्दाला कोश बघायचे. फोनवर तर शब्दावर बोट ठेवलं की अर्थ हजर. शब्द कळायचे, पण पान संपेपर्यंत गोष्टीचा धागा हातातून गेलेला असायचा. आणि असा आयता मिळालेला अर्थ दुसऱ्या दिवशी आठवायचाही नाही. आता उलटं करते: आधी अंदाज, मग गोल, मग वाचत राहायचं, आणि कोश शेवटी, ताळा करायला. अडलेल्या शब्दाशिवाय वाक्यच उभं राहत नसेल, तेव्हा मात्र लगेच बघते. तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही.

पण अंदाज फसतो, आणि मुकाट्याने फसतो, ही गोष्ट मला 'विमनस्क'ने शिकवली. शाळेच्या वयात वाचलं होतं, कोणीतरी संध्याकाळी विमनस्कपणे खिडकीबाहेर बघत बसलं आहे. खिडकी, संध्याकाळ, शांतता. मी ठरवलं, विमनस्क म्हणजे निवांत. पुढची कित्येक वर्षं हा अर्थ कुठेच अडला नाही, कारण विमनस्क माणसं पुस्तकांत बहुधा गप्पच बसलेली असतात. मग एका कथेत पत्र वाचून झाल्यावर एक बाई विमनस्क झाली, आणि हातातलं काम तसंच टाकून आतबाहेर करत राहिली. निवांत माणूस आतबाहेर करत नाही. तेव्हा पहिल्यांदा मी शब्द फोडून बघितला. वि आणि मन. मन ठिकाणावर नसलेली, खिन्न. त्या पहिल्या खिडकीतला माणूस दुःखात होता आणि मी त्याला आराम करायला बसवलं होतं. याचं मला खरंच वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

चूक कुठे झाली हे नंतर एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचताना कळलं. हाइन्झ वर्नर आणि एडिथ कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी 1952 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी 12 बनावट शब्द तयार केले आणि प्रत्येक शब्द 6 वाक्यांत घालून मुलांपुढे एकेक वाक्य ठेवत गेले. त्यातला एक शब्द 'कॉरप्लम'. कॉरप्लमचा आधार घेता येतो. कॉरप्लमने उघडी जागा बंद करता येते. ओला कॉरप्लम जळत नाही. कॉरप्लम म्हणजे काठी किंवा लाकडाचा तुकडा. मोठी मुलं आधीचा अंदाज पुढच्या वाक्याशी ताडून बघत, दुरुस्त करत. लहान मुलं मात्र पुष्कळदा अख्ख्या वाक्याचा अर्थच त्या एका शब्दात भरून टाकत. मी हेच केलं होतं. खिडकी, संध्याकाळ, शांतता, सगळं त्या एका शब्दात कोंबलं होतं. शब्द आणि त्याच्या भोवतीचा देखावा वेगळे करायचे, तर तोच शब्द दुसऱ्या देखाव्यात भेटावा लागतो. खिडकीपाशी 'निवांत'ही चालतं आणि 'खिन्न'ही. आतबाहेर करणाऱ्या बाईपाशी एकच चालतं.

'जुजबी' मला असाच तीन भेटींत कळला. "जुजबी चौकशी करून ते निघाले." इथे जुजबी म्हणजे बारकाईची की वरवरची, काहीही असू शकतं. "आमची जुजबी ओळख होती." आता बारकाईची गेलं, पण जुनी, दूरची, थोडकी, हे सगळं शिल्लक. "छपराची जुजबी डागडुजी केली, पहिल्याच सरीत पुन्हा गळू लागलं." बास. एवढ्यापुरती, वरवरची. पहिली दोन वाक्यं मनात अर्धवट राहिली होती म्हणून तिसऱ्याने काम केलं.

एका भेटीत शब्द पक्का होत नाही, याचा हिशेबही कोणीतरी मांडला आहे. 1999 साली दोन डच संशोधकांनी 20 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सहज वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सुमारे 15 टक्केच वाचकांना कळतात, असं त्यातून दिसलं. आकडा वाचून मला धीर आला. शब्द निसटला म्हणजे माझं वाचन वाया गेलं असं नाही, तो पुन्हा भेटेपर्यंत वाचत राहायचं. अर्थात आजूबाजूचे शब्द तरी ओळखीचे हवेत. परभाषेतून वाचणाऱ्यांसाठी भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने 2000 साली 98 टक्क्यांची मर्यादा सुचवली, म्हणजे पन्नासात एक शब्द अनोळखी. त्याहून दाट झाले की एका अंदाजावर दुसरा अंदाज रचावा लागतो. जुनी बखर वाचायला घेतली होती तेव्हा माझं तेच झालं होतं, ती मी कोश मांडीवर घेऊनच वाचली.

आपल्याकडे न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राच्या, परंपरेत शब्दाचा अर्थ कळण्याच्या आठ वाटा मोजल्या आहेत, आणि कोश ही त्यांतली फक्त एक. बाकीच्यांत व्याकरण आहे, मोठ्यांचा व्यवहार आहे, जाणत्याचं सांगणं आहे. आणि माझ्या जिव्हाळ्याच्या दोन: वाक्यशेष आणि सिद्धपदाचं सान्निध्य, म्हणजे ओळखीच्या शब्दाची सोबत. दुसरीचं उदाहरण फार गोड आहे. आंब्याच्या झाडावर पिक मधुर आवाज करतो आहे. आंबा माहीत, मधुर माहीत, तेव्हा पिक म्हणजे कोकीळ. पहिलीचं उदाहरण 'यव' या शब्दाचं. काही लोक त्याचा अर्थ जव करत, काही राळा, दोन्ही धान्यंच. निवाडा कशाने झाला? पुढच्या वाक्याने: इतर वनस्पती कोमेजतात तेव्हा हे आनंदात असल्यासारखे उभे राहतात. म्हणून जव. वाक्यशेष म्हणजे उरलेलं वाक्य. आज गाडीवान पाण्यात उतरला ती ओळ माझ्यासाठी वाक्यशेषच होती.

झोपायच्या आधी पान 41 पुन्हा काढलं. चार दिवस ती बहीण मला करारी वाटत होती, भावाला रीतभात बजावणारी. आज पत्र परत वाचलं. "बोलावणं आलं तर जायला अनमान करू नकोस." तिला ठाऊक आहे की हा बुजरा आहे, दारापर्यंत जाईल आणि तिथेच उभा राहील. गोल खोडरबरने पुसला.