तुम्ही विचारलंत म्हणून: किंग रँचच्या वाटण्या झाल्या नाहीत का?

टेक्सासच्या किंग रँचचा, म्हणजे गुरं पाळण्याच्या तिथल्या अफाट रानाचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच. वाटण्या झाल्या. पण तोवर तिथलं रान आणि जनावर दोन्ही घडून तयार होतं. खरं उत्तर त्यातच आहे, असं मला वाटतं.

१८५३ मध्ये बोटीचे कप्तान रिचर्ड किंग यांनी सांता गर्ट्रूडिस ओढ्याकाठी १५,५०० एकर जमीन ३०० डॉलरला घेतली. १८८५ मध्ये ते वारले तेव्हा डोक्यावर सुमारे पाच लाख डॉलरचं कर्ज होतं. पत्नी हेन्रिएटांनी वकील रॉबर्ट क्लेबर्ग यांच्याकडे कारभार दिला. पुढे ते जावई झाले. १८९९ मध्ये खोल विंधणातून पाणी आपणहून वर आलं आणि ओढ्यापासून दूरचं गवतही कामी आलं. पाणी लांब असलं की गुरं काठालगतचं गवत मुळापर्यंत खातात, पलीकडचं उभ्याउभ्या वाळतं.

मग गोचीड. तापाचा रोग पसरवणारी तिथली गोचीड पिल्लापासून एकाच जनावरावर वाढते. साधारण तीन आठवड्यांनी रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि तीन-चार हजार अंडी घालते. म्हणून त्या काळी दर चौदा दिवसांनी गुरं आर्सेनिकच्या विषारी पाण्याच्या हौदातून पोहत काढायचे. आधी पोटभर पाणी पाजायचं, नाहीतर तहानेली गुरं हौदातलंच पितात. उन्हानं पाणी आटलं की औषध कडक होऊन कातडी भाजते. एक जनावर झुडपात राहून गेलं तरी गोचीड परत येते.

शॉर्टहॉर्न ही विलायती गुरांची जात मांसाला उत्तम, पण त्या उन्हात टिकेना. म्हणून भारतीय वशिंडाच्या गुरांपासून घडलेल्या ब्रह्मन जातीशी संकर केला. १९२० मध्ये जन्मलेल्या ‘मंकी’ या लाल वळूचं रक्त पुढच्या पिढ्यांत पुन्हा पुन्हा आणून वाण स्थिर केलं: साधारण ५/८ शॉर्टहॉर्न, ३/८ ब्रह्मन. जवळच्या रक्तात दोषही घट्ट होतात, त्यामुळे खोट दिसलेलं वासरू पैदाशीला ठेवून चालत नाही. १९४० मध्ये अमेरिकी कृषी खात्यानं ‘सांता गर्ट्रूडिस’ ही वेगळी जात मानली.

हेन्रिएटा १९२५ मध्ये वारल्या. पुढे मालमत्ता वारसांत विभागली. मुलगी अ‍ॅलिस यांच्या शाखेनं आपल्या वाट्याची कंपनी केली. तेव्हापासून वाटे पडतात ते शेअरचे. रानाचेच तुकडे केले तर एखाद्या तुकड्याला पाणीच येत नाही. आज सुमारे ८,२५,००० एकर एकाच कारभाराखाली आहे.

आणि घराणं म्हणताना किनेन्यो, म्हणजे ‘किंगची माणसं’, यांना विसरू नका. १८५४ च्या सुमारास किंग यांनी मेक्सिकोतल्या दुष्काळी क्रुयास गावची गुरं विकत घेतली, मग माणसांनाही कामाला आणलं. त्यांच्याही कित्येक पिढ्या याच रानात गुरं राखत आल्या.