जुने विरुद्ध नवे

गड्ड्याची जत्रा लागली की बाहेरगावी पोटापाण्याला गेलेला सोलापूरकर घरी येतोच. पुण्यात असो की हैदराबादेत, सिद्धेश्वराच्या अक्षता चुकवायच्या नाहीत. म्हणून आम्ही कॉलेजच्या जुन्या फुटबॉलवाल्यांनी संक्रांतीनंतरचा रविवार धरला. वेगळी रजा टाकावी लागत नाही आणि घरातली परवानगीही जत्रेतच निघून जाते. सकाळी जुने विरुद्ध नवे असा सामना, मग जेवण. सुरुवातीला शाल-नारळ, सत्कार, मनोगत वगैरे करून पाहिलं, कुणी ऐकेना. बंद पडलं ते बरंच झालं.

सामना बघण्यासारखा असतो असं काही मी म्हणणार नाही. नव्या पोरांच्या पायात स्टडचे बूट, आमच्यातल्या निम्म्यांच्या गुडघ्याला नी-कॅप. आमच्या वेळी मैदान मुरमाचं होतं. टॅकल करताना घसरलं की मांडी सोलून निघायची आणि संध्याकाळी अंगावर गरम पाणी घेताना टॅकल पुन्हा एकदा आठवायची. मैदानावर फक्कीही आम्हीच मारायचो. सर ती बादली मुद्दाम आदल्या सामन्यात गोल करणाऱ्याच्या हातात द्यायचे. "गोल मारलास ना? आता रेघ मार." आमचा सेंटर फॉरवर्ड तोंडातल्या तोंडात पुटपुटत, नाकातोंडात पांढरी पूड घेऊन कॉर्नरपर्यंत जायचा. आज त्याच्या हाताखाली पन्नासेक माणसं आहेत. गोदामात माल उतरवायला कमी पडलं तर हा स्वतः बाह्या वर करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरांचा दुसरा हट्ट बॉल नसतानाच्या खेळाचा. नव्वद मिनिटांत एकाच्या पायात बॉल राहतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेल्या वेळात तू काय करतोस ते मी बघतो, म्हणायचे. मी स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला बचाववाला. कडेचा बचाववाला, फुल बॅक, वर पळाला की त्याची जागा धरायची. धरली तर कुणाला कळत नाही, नाही धरली तर गोल बसतो आणि मग सगळ्या मैदानाला कळतं. पुढे बँकेत लागलो. मार्चअखेरीला शेजारच्या टेबलावरचा माणूस गायब असला की माझी खुर्ची आपोआप तिकडे सरकायची. त्याचं कौतुक कधी झालं नाही, आणि खरं सांगायचं तर स्टॉपरला त्याची सवयच नसते.

आमच्या टीममध्ये मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी चारही चालायच्या. गोलकीपर पद्मशाली घरातला. तो "वदिलेय!" ओरडला की मी बॉल सोडायचो, विंगरनं "बिडो!" म्हटलं तरी सोडायचो. गप्प राहणाऱ्याला मात्र दोघंही शिव्या घालायचे. मैदानावर मुकाट्यानं खेळणं हा आमच्याकडे गुन्हा होता.

तेव्हा सोलापूर विद्यापीठ नव्हतं, ते २००४ साली झालं. आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. त्यामुळे स्पर्धेला पंढरपूर, सांगोला, मिरज करत एसटीनं कोल्हापूर गाठायचं आणि तालमीच्या संघांत वाढलेल्या पोरांकडून मार खाऊन यायचं. तिथं पेठेतल्या आज्याही ऑफसाइडवर वाद घालतील अशी परिस्थिती! आम्हाला टाळ्या मिळाल्या त्या एकदाच, धडाधड गोल खाऊनही शेवटच्या मिनिटाला आमचा विंगर जीव खाऊन परत धावला तेव्हा. सर परतीच्या गाडीत स्कोअरवर एक अक्षर बोलले नाहीत. त्या धावण्यावर मात्र पंढरपूर येईपर्यंत बोलत होते.

जुन्या संघाचा दरवर्षीचा ठरलेला घोटाळा म्हणजे बॅकपास. १९९२ साली नियम बदलला, आपल्या खेळाडूनं मुद्दाम पायानं मागे दिलेला बॉल गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. आम्ही त्याआधीचे. अडचणीत सापडलं की मागे द्यायचा आणि त्यानं छातीशी कवटाळायचा, हेच अंगात मुरलेलं. आजही मी देतो, तो वाकून उचलतो, पोरं बोंब मारतात आणि रेफरी फ्री किक देतो. "काय बे, अजून तसंच की!" हे वाक्य मग जेवणापर्यंत पुरतं.

गंमत अशी की हाच गोलकीपर मैदानाबाहेर सगळ्यांत आधी बदलला. घरचे चादरीचे माग होते. धंदा बसायला लागला तसे त्यानं टेरी टॉवेलचे लूम टाकले. वडील दोन महिने बोलत नव्हते. मी विचारलं तर म्हणाला, "हातानं धरायची सोय गेली, म्हणून पायानं खेळायला शिकलो." त्याला पायानं खेळता येतं यावर माझा अजून विश्वास नाही, पण टॉवेल चांगले असतात.

जेवणाला शेंगापोळी, बाजरीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. खुर्चीत बसून पोरांच्या पोझिशन सुधारतात, आमच्याकडे बघतही नाहीत. यंदा कुणीतरी हळूच प्रस्ताव मांडला की हाफ वीस मिनिटांचा करू, डॉक्टर ओरडतात. सर म्हणाले, "मग मैदानही अर्धं करा, नेटही काढा." ग्रुपवर त्यावरून अजून भांडण चालू आहे. नवी पोरं वीस मिनिटांना तयार आहेत, जुनेच अडून बसलेत.