रिसेप्शनच्या घागऱ्याची उंची ठरवताना माझा अनुभव

घागरा घेतला लक्ष्मी रोडवर, दुकानाचं नाव नको. उंची 42 इंच होती आणि सेल्समन म्हणाला, "ताई, हील्स घातल्या की बरोब्बर बसतो, सगळ्या नवऱ्या हाच नेतात." माझी उंची पाच फूट दोन. घरी येऊन सँडल घालून आरशासमोर उभी राहिले तर पुढची बॉर्डर चक्क पायाखाली येत होती. मला रडूच आलं, कारण लग्नाला तेरा दिवस राहिले होते.

आई म्हणाली खालून दुमडून घेऊ, पण खालीच तर सगळं जरीचं काम, ते आत गेलं की राहिलं काय! मग आमच्या नेहमीच्या टेलर काकांकडे गेलो. काकांनी आधी विचारलं, "चप्पल आणलीस का बाळा? त्या दिवशी घालणार तीच?" मी आणली होती नशिबाने. मग त्यांनी कॅनकॅन, म्हणजे घागरा फुलवणारा कडक जाळीचा परकर, आतून घालायला लावला, नाडी जिथे त्या दिवशी बांधणार तिथेच बांधायला लावली आणि टेप लावली. नाडीपासून जमिनीपर्यंत साडेचाळीस भरलं. काका म्हणाले चाळीस ठेवू, म्हणजे अर्धा इंच वर, कारण घागरा जड आहे, तासाभरात तो कंबरेवरून थोडा सरकतोच.

काम त्यांनी वरून केलं. कंबरेचा बेल्ट उसवला आणि दोन इंच खाली जोडला, पण कळ्यांचा (म्हणजे उभे तिरके तुकडे जोडून शिवलेला) घागरा खाली रुंद होत जातो त्यामुळे कंबर मोठी झाली, म्हणून प्रत्येक कळी शिवणीत थोडी थोडी दाबावी लागली. चोवीस कळ्या होत्या, दोन दिवस गेले. मागच्या बाजूला जरा जास्त उंची ठेवली, मागे कापड नितंबांवरून जातं म्हणून तिकडे तो उचलला जातो, हे मला कधी सुचलंच नसतं.

ट्रायलला काकांनी दुकानाच्या तीन पायऱ्या चढायला आणि उतरायला लावल्या, एका हातात पर्स देऊन, कारण स्टेजवर असंच होतं ना, एक हात ओढणीला आणि एक बुकेला. चढताना पाय अडकला नाही, खाली सँडलचं फक्त टोक दिसत होतं. मी तिथेच आईला मिठी मारली.

वरचे दोन इंच काकांनी कापले नाहीत, आत दुमडून ठेवलेत. धाकटी बहीण माझ्याहून चांगली उंच आहे, तिला लागला तर उसवून देतो म्हणालेत.